जयगडचा खोका पूर्णगडला

माझी नवीकोरी बेस गिटार त्या माणसाने मासळीच्या काट्याला टांगली. खोटं नाही सांगत. गिटारचा पट्टा आकड्यात अडकवला, काटा हाताने वर उचलला आणि एक डोळा मिटून आकडा वाचला. "चार किलो आठशे. आणि वर गळ्याकडून मुंडी टाकतेय. नाय चालणार गो." मी तोंडाचा आ करून उभी. महिनाभर फोनवर व्हिडिओ बघून, दहा जणांचं डोकं खाऊन मुंबईहून मागवलेली पाच तारांची गिटार होती ती! तिची एक तारसुद्धा न छेडता ह्या बाबाने तिला नापास केलं होतं, आणि तेही अशा काट्यावर, ज्यावर सकाळीच त्यांच्या बायकोने सुरमई तोलली होती. सुरमईचा एक खवला माझ्या पट्ट्याला चिकटून घरी आला. तीन वेळा पुसला तरी वास काही जाईना.

त्यांना सगळी रत्नागिरी बोटवाले काका म्हणायची. पंचवीस-तीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढलेली. निवृत्त झाल्यावर बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या पडवीत त्यांनी अॅम्प्लिफायर, मिक्सर दुरुस्तीचं काम सुरू केलं. पाटी नाही, गल्ला नाही, नुसतं एक लांब टेबल. पण नमन-खेळ्यांचं मंडळ असो, लग्नाचा बँड असो की ऑर्केस्ट्रा असो, ज्याला म्हणून बेसचा सेट घ्यायचा असे तो आधी काकांकडे यायचा. गिटार कुठली, अॅम्प किती ताकदीचा, स्पीकरचा खोका दहा इंचाचा की पंधरा इंचाचा, हे काका सांगणार आणि मगच माणूस खरेदी करणार. कॅबिनेट हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. खोका. लाखमोलाचा असला तरी खोका.

त्या टेबलावर आलेल्या प्रत्येक वस्तूच्या कंपनीच्या नावावर काका पहिल्यांदा पांढरी चिकटपट्टी लावायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. "नाव वाचलास की कान बंद होतात," म्हणायचे. एकदा एका हौशी डॉक्टरांचा अॅम्प असाच पट्ट्या लावून ठेवला होता. डॉक्टर भडकले, पट्टी ओढायला गेले, तर काकांनी त्यांच्या हातावर चक्क चापट मारली. डॉक्टरांच्या हातावर! मी तर गारच पडले. पण तासाभराने तेच डॉक्टर पट्टी लावलेला दुसराच अॅम्प पसंत करून, हसत हसत गाडीत बसले.

आता माझं सांगते, नाहीतर ही बाई कोण आणि हिचा बेसशी काय संबंध, असं वाटेल. मी एका खाजगी लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांची रक्तं काढायची आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात कोरसला उभं राहायचं. कोरसची बाई म्हणजे मुख्य गायिकेच्या मागे एक पाऊल उभी राहून "आ आ आ" करणारी. पंधरा वर्षं मी "आ आ आ" केलं. मग आमचा बेसवाला आखातात गेला, त्याची गिटार मागे राहिली, आणि एका तालमीत मी सहज ती गळ्यात घातली. जाडी तार ओढली तर पायाखालची फरशी थरथरली. ती मी थरथरवली होती! वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की मला काय पाहिजे होतं. नवऱ्याने हसून घेतलं, सासूबाईंनी "आता हे काय नवीन" म्हणून कपाळाला हात लावला. वर्षभर मी बोटांना फोड येईपर्यंत शिकले आणि ऑर्केस्ट्राची बेसवाली झाले. दुसरं काही माझ्या एकटीचं असं नव्हतंच हो माझ्याकडे.

आणि नेमकी तीच जागा जायची वेळ आली. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक आणि गायकही, त्यांना आम्ही भाई म्हणतो, एक दिवस म्हणाले, "बेस लोकांच्या कानात जात तरी आहे का? कीबोर्डवाला डाव्या हाताने तेवढं काम करतो. तुझ्या खोक्याच्या जागेत गाडीत दोन माणसं बसतील." छोट्या ऑर्केस्ट्रांत असंच होतं. कीबोर्डवाल्याचा डावा हात मोकळा दिसला की बेसवाल्याला नारळ मिळतो. मी रडकुंडीला आले. शेवटी भाईंनी सवलत दिल्यासारखं केलं: "जयगडला कार्यक्रम आहे, दुपारी चारचा, मोकळ्या मैदानात. तिथे तुझा आवाज लोकांना जाणवला तर राहा. नाही तर परत कोरसला."

म्हणून मी काकांकडे गेले होते. मुंबईची नवी गिटार घेऊन, की निदान दिसायला तरी दणका उडावा. आणि काय उडालं ते सांगितलंच.

काकांनी माझ्या गळ्यात दुसरी गिटार अडकवली. जुनी, चार तारांची, आखूड गळ्याची, रंग उडालेली. "अर्धा तास उभी राहा," म्हणाले. मला वाटलं वाजवायचंय. मी तार ओढणार तोच ओरडले, "वाजवू नको! नुसती उभी राहा. आधी वजन, मग आवाज." आणि स्वतः आत जेवायला निघून गेले. मी गिटार गळ्यात घालून पडवीत उभी, रस्त्यावरून जाणारी येणारी माणसं बघतायत. काकी बाहेर आल्या, मला बघून त्यांना काहीच वाटलं नाही. "उभी केलीय काय तुला? बरा. परवा एकाला तर तासभर ठेवला होता. सरबत देऊ?" मी कोकम सरबत प्यायले, गिटार गळ्यातच. अर्ध्या तासाने काका तोंड पुसत आले. खांदा दुखतोय का, मनगट वळतंय का, बोटं गळ्यावरच्या पहिल्या पट्टीपर्यंत ओढ न बसता जातायत का, एवढंच विचारलं. दुखत नव्हतं. वळत होतं. बोटं जात होती. पहिल्यांदाच जात होती! पाच तारांच्या त्या लांबलचक गळ्यावर वर्षभर धडपडायची तयारी केली होती मी, आणि माझ्या हाताएवढी गिटार इथे धूळ खात पडली होती. मग ते म्हणाले, "आता वाजव."

ते ऐकत कसे, हाही एक प्रकारच होता. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक खोक्याच्या लाकडाला टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटून. बोटीवर इंजिनचे बेअरिंग असे तपासतात म्हणे. "इंजिन कानाला ऐकू आला तर समजायचा बिघाड हाय. ता पायाला लागला पाहिजे." एकदा एका नमन मंडळाच्या म्होरक्याला त्यांनी आधी लाकडी बाकावर, मग लोखंडी खुर्चीवर, मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि प्रत्येक वेळी तोच सूर वाजवला. तो बिचारा गोंधळला. "काका, मी कानाने ऐकतोय ना?" तर म्हणाले, "बेस कानाला नाय रे, ढुंगणाला कळतो. लोक कशावर बसणार ता आधी सांग." मी तिथेच बसले होते. शरमेने मान खाली घातली, आणि खाली मान घालूनच पोट धरून हसले.

दोनच प्रश्न असायचे त्यांचे. जमीन काय? लोक कशावर बसणार? ह्याची उत्तरं नसतील तर चालता हो. आपल्याकडे स्टेज कसं घालतात माहीत आहे ना? रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकायच्या, वर सतरंजी. आणि त्या फळ्यांवर आपली माणसं हौसेने बेसचा खोका ठेवणार! म्हणजे खाली अख्खं पोकळ स्टेज ढोलासारखं घुमणार, गाणाऱ्याचा शब्द बुडणार, माइक हूऽऽ करायला लागणार. हे काका शंभरदा सांगायचे. म्हणून खोक्याबरोबर ते जांभ्याचे दोन अर्धे चिरे द्यायचे. हो, घराच्या भिंतीला लावतात तेच चिरे, मधोमध तोडलेले. खोका स्टेजच्या खाली, जमिनीवर, ह्या चिऱ्यांवर. आणि एक खोका एका जागी चांगला वाजला म्हणून दुसरीकडे वाजेल असं कुणी म्हणालं की त्यांचा पारा चढायचा. "पायतान काय रे ता, कुठे पण घालून जायला?" कार्यक्रमाच्या आधी ते जागा बघून यायचेच. चपला काढून टाच आपटायचे. काकी मला म्हणाल्या होत्या, "मी मेले तर हे आधी स्मशानातली जमीन आपटून बघतील, मगे खांदा देतील."

जयगडची जागाही त्यांनी बघितली. खाडीच्या तोंडावरचं मैदान, वाऱ्याला आडकाठी नाही. "इथे तुझा दहा इंची खोका वारा खाऊन टाकील," म्हणाले, आणि पडवीच्या कोपऱ्यातला पंधरा इंची, समोरून भोक असलेला, कपाटाएवढा खोका बाहेर काढला. वर दणकट अॅम्प. समुद्राकडे पाठ करून, वाऱ्याच्या अंगाने लोकांकडे तोंड, खाली चिरे. आणि जे काका कधी कुणाच्या कार्यक्रमाला जात नसत, गाणी ऐकवत नाहीत म्हणत, ते त्या दुपारी स्वतः खोक्याच्या मागे स्टूल टाकून बसले.

पोर्टवर कामाला असणारी माणसं, कोळीवाड्यातल्या बायका, पोरंटोरं, मैदान भरलेलं. दुसऱ्या गाण्याला लोक उठून नाचायला लागले. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला, ऐन रंगात, माझ्या बोटांखालचा आवाज गेला. नुसती तारांची टिकटिक. मी मागे वळून बघते तर अॅम्पचा दिवा विझलेला आणि काकांचं बोट बटणावर! त्यांनीच बंद केला होता. "काका!" मी ओरडले. त्यांनी हाताने खूण केली, पुढे बघ.

पुढे बघितलं आणि आणखीच हादरले. नाचणारी माणसं अडखळली होती. कुणी थांबलं नव्हतं, गाणं चालू होतं, गायिका गात होती, कीबोर्डवाल्याचा डावा हात चालू होता. पण पाय चुकत होते. हिरव्या लुगड्यातली एक आडदांड मावशी मधेच उभी राहून आपल्या पायांकडे बघत होती, कुणीतरी पाय चोरल्यासारखी. भाई गाता गाता इकडेतिकडे बघायला लागले, काय गेलं, काय गेलं. अर्धं कडवं असं गेलं. मग काकांनी बटण दाबलं. माझ्या बोटांनी सूर पकडला आणि मैदानातून अशी आरोळी उठली की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्या मावशीने तर टाळी वाजवून गिरकी घेतली. भाईंची मान सावकाश माझ्याकडे वळली.

गाणं संपल्यावर मी रडत रडत काकांवर धावून गेले. "माझी परीक्षा होती आज! जीव घ्यायला बसलात काय माझा?" तर हा माणूस शांत. "असताना कुणाला कळत नाय. म्हणून नसलेला दाखवला. आता तुझ्या भाईला विचार जा, काय गेला होता ता." विचारायची गरजच पडली नाही. भाई स्वतः आले आणि म्हणाले, "बेस पाहिजे. पटलं मला." मी घरी येताना गाडीत वेड्यासारखी हसत होते.

आठवडा गेला. भाईंनी बोलावलं. मी पेढे घेऊन गेले, मूर्ख कुठली. भाई म्हणाले, "बेस पाहिजेच हे तूच सिद्ध केलंस. म्हणून आता ते काम हौसेवर नको. सावर्ड्याचा एकजण आहे, हायवेवरच्या हॉटेलांत वाजवतो, हात तयार आहे त्याचा. पूर्णगडच्या कार्यक्रमापासून तो येईल. तू कोरसला ये परत, तुझा आवाज लागतोच आम्हाला." पेढ्यांचा पुडा हातात तसाच. बेस नको म्हणून काढणार होते, तिथवर मला समजत होतं. बेस इतका पाहिजे म्हणून मला काढतील, हे स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

काकांना सांगितलं तेव्हा ते एका अॅम्पला कथलाचा डाग देत होते. ऐकून घेतलं, मान वर केली नाही. "बरा," म्हणाले. एवढंच! मला वाटलं आग ओकतील. मी तणतणत घरी आले. दोन दिवसांनी भाई तालमीत सांगत होते, "काकांकडे गेलो होतो. म्हटलं, जयगडला जो खोका गाजला तोच पूर्णगडला द्या. लगेच म्हणाले, न्या." लगेच? पायतान काय रे ता, असं न म्हणता? मला तेव्हाच काहीतरी खटकलं. पण मी माझ्या दुःखात होते.

पूर्णगडचा कार्यक्रम एका बुटक्या सभागृहात होता. दुपारी तीनची वेळ. वर पत्रा, मागे भिंत, पिंपांवर फळ्यांचं स्टेज, आणि त्या फळ्यांवर, भिंतीला चिकटून, तो कपाटाएवढा खोका. खाली चिरे नाहीत. सभागृहाच्या शिपायाला मी सहज विचारलं, तर म्हणाला, "तुमचे ते बोटवाले परवा येऊन गेले. चपला काढून टाचा आपटत होते. काय झालंय हो त्यांना?" म्हणजे त्यांनी जागा बघितली होती. बघून, जाणून, हा खोका इथे येऊ दिला होता. चिरे विसरणारा माणूस नव्हता तो.

पहिलंच गाणं आणि जे व्हायचं ते झालं. सूर कसला, नुसता गडगडाट. पत्रा थरारतोय, शब्द बुडतायत, माइक हूऽऽ करतोय. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानात बोटं घातली, दोघीतिघी पदर सावरत उठून गेल्या. सावर्ड्याचा तो माणूस चांगला वाजवत होता हो! बोटं स्वच्छ पडत होती, मला दिसत होतं. घामाने निथळत होता, सारखा अॅम्पकडे वळून बटणं फिरवत होता, त्याला कळतच नव्हतं काय होतंय. मला कळत होतं. त्या अख्ख्या सभागृहात फक्त मला कळत होतं. आणि मी मागे उभी राहून "आ आ आ" करत होते.

मध्यंतराला भाई माझ्याकडे आले, चेहरा पडलेला. "तुझी गिटार आणली आहेस का?" मी नाही म्हणाले. पण बाहेर आले तर गेटजवळ एक छोटा टेम्पो उभा. आत काकांच्या पडवीत ठेवलेली माझी आखूड गळ्याची गिटार, माझा दहा इंची खोका, दोन चिरे, आणि पुढच्या सीटवर शेंगदाणे खात बसलेले काका.

"काका, तुम्ही मुद्दाम केलंत."

"केला."

"अहो, त्या माणसाचा काय दोष? तो रडायचा बाकी आहे आत!"

"त्याचा काय दोष नाय. तुझा पण नव्हता."

"आणि तुमचं नाव? उद्या अख्खी रत्नागिरी म्हणेल, काकांचा कान गेला."

"नावावर चिकटपट्टी लावायचा धंदा हाय माझा," म्हणाले आणि उतरले. मग जरा खालच्या आवाजात, रस्त्याकडे बघत, "इतकी वर्षं लोकांना खोका निवडून दिला. एकदा माणूस निवडला. मोठा गुन्हा केला काय?"

मी म्हटलं, हे बरं नाही, काका. ते म्हणाले, बरा नाय ता माहीत हाय. दहा मिनिटं हायत तुझ्याकडे. धर चिरा एका बाजूने.

इथे मी काय केलं ते सांगायलाच हे सगळं लिहायला बसले आहे. मी आत जाऊन सांगू शकले असते. भाईंना बोलावून, तो खोका फळ्यांवरून खाली घ्या, भिंतीपासून ओढा, पुढचं भोक गोणपाटाने बुजवा, चिरे घाला खाली, एवढं चार वाक्यांत सांगितलं असतं तर सावर्ड्याचा माणूस पुढचा अर्धा कार्यक्रम राजासारखा वाजवून गेला असता. मला सगळं येत होतं. काकांनीच शिकवलं होतं. मी चिरा एका बाजूने धरला.

दुसरा अर्धा भाग मी वाजवला. खोका जमिनीवर, चिऱ्यांवर. पहिल्याच सुराला लोक खुर्च्यांत सावरून बसले. उठून गेलेल्या बायका परत आल्या. सावर्ड्याचा माणूस शेवटच्या रांगेत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ऐकत होता, मांडीवर त्याची गिटार आडवी. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला. "ताई, तुमचा सूर किती स्वच्छ येतो हो. माझं काय चुकत होतं?" मी म्हटलं, "हॉलच वाईट आहे." त्याने मान हलवली. त्याच हॉलमध्ये मी वाजवलं होतं, हे त्याच्या लक्षात येणार नाही का? आलंच असणार. गिटार खांद्याला लावून तो गेला. पुढे त्याने बेस सोडला असं कानावर आलं. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही.

माझी जागा मला मिळाली. भाई परत कधी त्याबद्दल बोलले नाहीत. आणि काकांचं नाव गेलं. किती पटकन गेलं! जयगडचा खोका पूर्णगडला दिला म्हणे, तेही चिऱ्यांशिवाय. म्हातारा भरकटला. नमन मंडळं यायची थांबली, बँडवाले फोनवर व्हिडिओ बघून परस्पर खोके मागवायला लागले. मी एकदा पडवीत बसले असताना एका जुन्या गिऱ्हाइकाने तोंडावर विचारलं, "काका, कान गेला म्हणतात तुमचा, खरं का?" काका हसले. "गेला असल. वय झाला आता." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तेव्हाही काही बोलले नाही. हळूहळू माझं तिकडे जाणंच कमी झालं. तोंड दाखवायची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून त्यांचाच राग यायचा. असं का केलंत, मी सांगितलं होतं का तुम्हाला, असं मनातल्या मनात भांडायचे. मग पुढच्या कार्यक्रमाला गिटार गळ्यात घातली की सगळं विसरायचे.

गेल्या वर्षी काका गेले. झोपेतच. बारा दिवस झाल्यावर आम्ही ऑर्केस्ट्राची माणसं काकींना भेटायला गेलो. पडवीतलं टेबल रिकामं, कुणीतरी सतरंजी घातलेली. बंदरावरचे दोघेचौघे, एक बँडवाला, जुनी गिऱ्हाइकं. सगळे जपून, चांगलंच बोलत होते. मग बँडवाला म्हणाला, "एके काळी काय कान होता! शेवटी शेवटीच जरा." भाई म्हणाले, "पूर्णगडला चुकले, तिथपासून उतरलेच ते. ही होती ना तिथे." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं? माणूस गेलेला. मला तिथून कोण काढणार होतं? दहा वर्षं झाली मी वाजवतेय, भाई आता माझ्याशिवाय तारीख घेत नाहीत. सांगितलं असतं तर दोन मिनिटं सगळे गप्प झाले असते आणि त्या माणसाचा कान त्याला परत मिळाला असता. काकी समोरच बसल्या होत्या. मी म्हटलं, "हो ना. वय झालं होतं."

माझं मलाच ऐकू आलं. बोललं कोण हे? पण बोलणं पुढे गेलं होतं, कुणी पावसाळी आंब्याचा विषय काढला, चहा झाला, मंडळी उठली. मी मागे रेंगाळले. काकी कप गोळा करत होत्या. मला वाटलं, निदान ह्यांना तरी सांगावं. मी एक कप उचलून त्यांच्याजवळ गेले.

"टेम्पोत ते चिरे मीच चढवू लागले होते त्यांना," काकी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशा. "ते म्हणायचे, आज ना उद्या ती सांगेल बघ लोकांना. पोरगी खरी हाय. मी म्हणायचे, नाय सांगणार."

मग माझ्या हातातला रिकामा कप त्यांनी काढून घेतला आणि त्या आत गेल्या.